पान चौऱ्याहत्तर

रंभाच्या लुगड्यावर रक्त वाळून काळपट पडलं होतं. मासळीचं रक्त ती रोज धूत असे. हे तिच्या पोराचं होतं, आणि शनिवारपासून तिने ते धुतलं नव्हतं.

"सायब, माजा प्रितेश खुनी नाय," ती दारातच म्हणाली. "त्याला बॅटी नि सळयांनी मारलाय. दोनी हात मोडलं, एक डोला उगडत नाय. आन वर पोलिसांनी खाटेला बेडी घातलीय. जरा बरा झाला का आत नेतील. मग तो वाचल काय?"

धर्मराव कर्णिकांनी खुर्ची पुढे सरकवली. पनवेलच्या लाईन आळीत, दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर त्यांचं खासगी तपासाचं ऑफिस होतं. आजवरची बहुतेक गिऱ्हाइकं लग्नाआधी जावयाची चौकशी करायला आलेली. अंगावर रक्त घेऊन आलेली ही पहिलीच.

"बस, मावशी. कोण मेलं?"

"समृद्धीताई. विचुंब्याला नीलतारा सोसायटीत. पुस्तकांचा तो फेसबुकवरचा गट चालवायची ना, तीच. माजा पोर बंदरात कामाला, पन वाचायचा लय नाद. तो पुस्तक परत द्याया गेला, तर ताई रक्तात पडलेली. यानं सुरी उपसाया हात घातला आन शेजारीन वरडली. मग सगली सोसायटी तुटून पडली."

कोपऱ्यातून कृष्णकांत पुढे सरसावले. हे धर्मरावांच्या बायकोचे धाकटे भाऊ. बँकेतून लवकर निवृत्ती घेतली आणि मेहुण्याच्या धंद्यातली भागीदारी स्वतःच जाहीर केली. उत्साह भरपूर, निष्कर्ष त्याहून भरपूर. पुरावा तेवढा मागून यायचा.

"भावोजी, सुरीवर बोटांचे ठसे त्याचे. अंगावर रक्त. केस सरळ आहे."

"सरळ आहे ना? मग उलटी करून बघू," धर्मराव उठत म्हणाले. "चल कृष्णा, चपला घाल."

*

फ्लॅट अजून सीलबंद होता. इन्स्पेक्टर उदयसिंह पाटणकरांनी जुन्या ओळखीखातर दार उघडलं.

भिंतीवर छातीच्या उंचीपर्यंत रक्त उडालं होतं. पुस्तकांचं कपाट आडवं पडलेलं, पानं रक्ताने एकमेकांना चिकटलेली. मोबाइल आणि लॅपटॉप बाथरूममधल्या बादलीत बुडवलेले सापडले होते.

"घाव किती ते मोजायचं सोडून दिलं डॉक्टरांनी," पाटणकर म्हणाले. "शनिवार, भर दुपार. वरच्या मजल्यावर टीव्हीवर क्रिकेट चालू होतं. ओरडणं कुणाला ऐकू आलं नाही."

"कारण ती ओरडलीच नसेल. तोंड दाबलं असेल. तोंडात काही?"

"रक्त होतं. पुढचा एक दात हललेला. जीभ चावली असेल."

"जीभ बघितली?"

पाटणकरांनी कागद चाळले. "जीभ... शाबूत."

"मग ते रक्त कुणाचं?"

"नमुना प्रयोगशाळेत गेलाय. कर्णिक, अहवाल यायला महिने लागतात. आणि त्या पोराच्या हातांवर इतक्या जखमा आहेत, की त्यात दाताची कुठली नि सळईची कुठली, ते ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही."

"सोयीचं आहे," धर्मराव म्हणाले. "कुणासाठी, तेवढंच बघायचं. आणि प्रितेशला बादलीत मोबाइल बुडवायला सवड कधी मिळाली म्हणे? शेजारीण तर तो आत शिरल्या शिरल्या ओरडली."

कृष्णकांतांनी खिशातून रुमाल काढून नाकाला लावला.

*

रिया गटाची दुसरी चालक. कॉलेजात शिकवायची. उजव्या मनगटावर मलम लावलेला लालभडक चट्टा. "कुकरची वाफ, आजच सकाळी," असं तिने न विचारताच सांगितलं. तिचे डोळे रडून सुजले होते.

"पुस्तक निवडता कसं तुम्ही?" धर्मरावांनी विचारलं.

"आंधळेपणाने," ती म्हणाली. "लेखकाचं नाव बघून मतं पडतात म्हणून समृद्धीने ही पद्धत काढली. महिन्याच्या ठरलेल्या शनिवारी सकाळी ती गॅलरीत उभी राहायची. जी पहिली रिक्षा दिसेल तिच्या नंबरचे शेवटचे दोन आकडे, तो पानाचा नंबर. तो गटावर टाकायची. ज्यांना पुस्तक सुचवायचंय त्यांनी आपल्या पुस्तकातल्या त्या पानाचा फोटो दुपारच्या आत तिला पाठवायचा. पानाच्या माथ्यावर पुस्तकाचं नाव असतं, ते डाव्या अंगठ्याने झाकून."

"आधीच गोड पान निवडून ठेवायला नको."

"तेच. मग ती नावं न सांगता फोटो गटावर टाकायची. लोक पान वाचून मत देतात. जे पान जिंकतं त्याच्या माणसाने पुढे येऊन पुस्तक जाहीर करायचं. हजारो सभासद आहेत; निवडलेलं पुस्तक महिनाभर सगळे वाचतात, त्यावर बोलतात."

"या वेळी?"

"पान चौऱ्याहत्तर. पाच फोटो आले. बारा वाजायच्या आत तिने टाकलेसुद्धा. आणि दुपारी..." तिने ओढणी तोंडाला लावली.

"काही खुपत होतं तिला?"

"हो. महिन्याभरात भराभर नवे सभासद आले होते. एक शब्द बोलत नाहीत, फक्त मत देतात. ती म्हणाली, कोण करतंय ते कळलंय, शनिवारी दुपारी घरी बोलावलंय, तोंडावरच विचारते. नाव नाही सांगितलं. म्हणाली, कबूल केलं तर उगाच बदनामी कशाला."

"मतदान थांबवलंत?"

"मी थांबवणार होते. पण सबनीस काकांनी समजावलं, समृद्धीचं काम अर्धवट राहू नये म्हणून. काल निकाल लागला. तिसरं पान जिंकलं. योगायोगाने त्यांचीच कादंबरी निघाली."

"लेखकाला स्वतःचं पुस्तक चालतं?"

"चालतं. नाव झाकलेलंच असतं ना."

*

परेश शाहचं पुस्तकांचं दुकान जुन्या पनवेलात होतं. डाव्या अंगठ्याला पट्टी. कृष्णकांतांनी धर्मरावांना कोपराने असं ढोसलं, की परेशच्याही लक्षात आलं.

"रविवारी गठ्ठ्याची पट्टी कापताना ब्लेड लागलं, साहेब. आणि हो, समृद्धीशी माझं भांडण झालं होतं. अख्ख्या पनवेलला माहीत आहे. गटाची पुस्तकं माझ्याकडून घ्यायची सोडून ती लोकांना ऑनलाइन मागवायला सांगायची. मी तिला इथे उभं राहून शिव्या दिल्या. पण सुरी? मला नारळ फोडतानासुद्धा घाम फुटतो."

"तुम्ही पुस्तक सुचवता?"

"दुकानदाराला बंदी. तिचाच नियम."

बाहेर पडताच कृष्णकांतांनी फैसला सुनावला. "भावोजी, हाच! अंगठा, भांडण, आणि रविवारची थाप."

"तुझं एक बरं असतं कृष्णा. दुकानात शिरलास की पहिला दिसेल तो शर्ट घेतोस."

विनायक सबनीस नवीन पनवेलला राहत. औषध कंपनीतून निवृत्त, एका कादंबरीचे लेखक. ती कादंबरी स्वखर्चाने छापलेली. दिवाणाखाली तिचे गठ्ठे रचलेले दिसत होते. चहा त्यांनी स्वतः आणला, उजव्या हाताने एकेक कप. डावा अंगठा जाड पट्टीत गुंडाळलेला.

"गाडीच्या दारात चेमटला," ते हसले. "शुक्रवारी संध्याकाळी. पळस्पे फाट्यावर उसाचा रस प्यायला उतरलो होतो. नखासकट सोलला हो. तेव्हापासून पट्टी उतरलेली नाही."

"शुक्रवारी? म्हणजे आदल्या दिवशी."

"हो ना. शनिवारी तर ठणक्याने अंथरुणातच होतो. आणि इकडे ती पोरगी..." त्यांनी उजव्या हाताने डोळे टिपले. "मला मुलीसारखी होती. त्या कोळ्याच्या पोराला आम्हीच गटात घेतलं होतं. काय करणार, वाचन माणसाला बदलतंच असं नाही."

"तुमची कादंबरी जिंकली म्हणे. अभिनंदन."

क्षणभर सबनिसांचं दुःख कुठल्या कुठे गेलं. "पाच पानांत एकमेव जिवंत पान होतं ते! लोकांनी नाव न बघता ओळखलं. इतकी वर्षं कुणी वाचली नाही, आता हजारो लोक वाचतील."

धर्मरावांनी चहा संपवला. गाडीत बसल्यावर त्यांनी कृष्णकांतांना मोबाइलवर गटातली ती पाच पानं उघडायला लावली. कृष्णकांतांनी पाचही वाचून काढली.

"तिसरं खरंच बरं आहे हो, भावोजी."

"वाचलंस ना? तेच चुकलं तुझं."

*

दुसऱ्या दिवशी सगळे परेशच्या दुकानात जमले: रिया, परेश, सबनीस, पाटणकर. रंभा दाराशी पुस्तकांच्या गठ्ठ्यावर बसली.

"खुनी समृद्धीच्या ओळखीचा," धर्मरावांनी सुरुवात केली. "तिने बोलावलेला. गटात खोटे सभासद घुसवून स्वतःसाठी मतं जमवणारा. ती त्याचं पान बाद करणार होती. त्याने एका हाताने तिचं तोंड दाबलं, दुसऱ्या हाताने तिच्याच स्वयंपाकघरातली सुरी चालवली. मरता मरता ती कडाडून चावली. तिच्या तोंडातलं रक्त तिचं नव्हे, त्याचं. प्रितेशच्या मोडक्या हातांत ती खूण हरवली असं सगळ्यांनी धरलं. परेशभाई, पट्टी सोडा."

परेशने पट्टी सोडली. अंगठ्यावर एक बारीक, सरळ चीर होती.

"ब्लेड. सबनीस, आता तुमची."

"डॉक्टरांनी सोडू नका म्हणून सांगितलंय," सबनीस शांतपणे म्हणाले. "आणि मी शुक्रवारीच जखमी झालो होतो. शनिवारच्या खुनाशी त्याचा संबंध काय?"

"शुक्रवारीच. नखासकट सोललेला. आणि पट्टी उतरलेलीच नाही." धर्मरावांनी मोबाइल रियासमोर धरला. "पान चौऱ्याहत्तर, हा आकडा जगात पहिल्यांदा कधी कळला?"

"शनिवारी सकाळी. रिक्षा दिसली तेव्हा."

"म्हणजे हा फोटो त्यानंतरचा. तिसरं पान कुणाचं?"

"सबनीस काकांचं. त्यांनीच जाहीर..." रियाने मोबाइल जवळ ओढला.

"तुम्ही वाचणारी माणसं. अक्षरं दिसली की तुम्हाला बाकी जग दिसत नाही. हजारो लोकांनी हे पान वाचलं. आता ते वाचू नका. फक्त अंगठा बघा."

पानाच्या माथ्यावर, पुस्तकाच्या नावावर, डावा अंगठा आडवा पडला होता. गुबगुबीत, नख नीट कापलेलं, कुठे ओरखडाही नाही.

"शनिवारी सकाळी हा अंगठा धडधाकट होता. शुक्रवारचं गाडीचं दार खोटं. खोटं बोलायची गरज ज्याला दुपारची जखम लपवायची त्यालाच. कुणाचं पान कुठलं हे फक्त समृद्धीला माहीत होतं; तिचा मोबाइल बुडवलात तेव्हा तेही बुडालं. तुम्ही गप्प बसला असतात तर हा अंगठा बेवारस राहिला असता. पण ज्यासाठी बाईला भोसकलंत ते मिळाल्यावर 'माझं' म्हटल्याशिवाय तुम्हाला राहवेना."

सबनीस हसले. आणि त्याच हसण्यात त्यांनी काउंटरवरचा कटर उचलला आणि रियाचे केस मुठीत धरून पातं तिच्या गळ्याला लावलं.

"दोनशे वाचक नव्हते मला!" ते किंचाळले. "दोनशेसुद्धा! आणि ती म्हणते, तुमचं पान फाडून टाकते. मी पाया पडलो तिच्या. पाया!"

रियाच्या मानेवरून रक्ताचा ओघळ निघाला. पाटणकरांचा हात कमरेशी थांबला. कुणी हलेना.

कृष्णकांत सगळ्यांत जवळ होते, आणि विचार करायला त्यांना नेहमीच वेळ लागतो. तो त्यांनी या वेळी केलाच नाही. केसांत रुतलेल्या हाताचा पट्टीवाला अंगठा त्यांनी दोन्ही हातांनी पकडला आणि नळ पिळावा तसा पिळला.

सबनीस गुरासारखे ओरडले. कटर पडला. पाटणकरांनी त्यांना जमिनीवर पालथं पाडलं तेव्हा पट्टी सुटून आली होती. अंगठ्याच्या दोन्ही बाजूंना दातांच्या खुणा होत्या, खोल, पू भरलेल्या.

"दातांचा ठसा जुळवून घ्या, साहेब," धर्मराव म्हणाले. त्यांनी रियाच्या मानेवर रुमाल दाबून धरला. "आणि कृष्णा, हात धू. आज जेवायला माझ्याकडे ये."

*

रुग्णालयात धर्मरावांसमोर पाटणकरांनी प्रितेशच्या पायातली बेडी स्वतः काढली. दोन्ही हात प्लास्टरमध्ये, तोंड सुजून ओळखू न येणारं. एका डोळ्याबद्दल डॉक्टर काही बोलत नव्हते.

"आये," त्याने फुटक्या ओठांतून विचारलं, "ताईला कुनी मारला?"

"त्या पुस्तकं लिवनाऱ्या सबनीसानी."

प्रितेशने तोंड भिंतीकडे केलं. "मी त्यालाच मत दिला," तो म्हणाला. "दुपारी, ताईकडं जाताना. चांगला लिवला होता."

व्हरांड्यात नीलतारा सोसायटीचे तीन-चार जण उभे होते. हातात सफरचंदांच्या पिशव्या. त्यांतला एक पुढे झाला. "मावशी, गैरसमज झाला हो. त्या वेळी डोकंच फिरलं सगळ्यांचं..."

रंभाने पिशवीला हात लावला नाही. ती इन्स्पेक्टरकडे वळली.

"सायब, ताईला मारनारा एक होता, तो गावला. माज्या पोराला मारनारं लय हायत." तिने पदर खोचला आणि व्हरांड्याकडे बोट केलं. "त्यातलं हे इतं सोताच्या पायांनी आल्यात. लिवा त्यांची नावं."

सफरचंदवाले एकमेकांकडे पाहू लागले. पाटणकरांनी धर्मरावांकडे पाहिलं. धर्मरावांनी खाटेजवळचं स्टूल ओढून त्यांच्यासमोर ठेवलं.

पाटणकर बसले आणि त्यांनी खिशातून पेन काढलं.