तिसरा ठोका

“काकू, जरा मशीन बंद करता का?”

जिन्यावरून आवाज आला... घोगरा, दमलेला. मी हातातल्या पडद्यासकट उठले आणि दार उघडलं. गळ्यात हेडफोन अडकवलेला एक उंच मुलगा मला पाहून चक्क पायरीभर खाली सरकला.

“काकू मी आहे,” आतून मावशी म्हणाली. “ही माझी भाची. जरा बघून हाक मारत जा!”

तो कानापर्यंत लाल झाला. मला उगाचच बरं वाटलं.

आमच्या पडद्यांच्या दुकानाखालची खोली त्याच्या बँडने भाड्याने घेतली होती आणि माझ्या शिलाई मशीनची घरघर थेट त्यांच्या माइकमध्ये उतरत होती. मग आमचं ठरलं — त्याने खालून झाडूच्या दांड्याने छताला दोनदा ठोकलं की मी थांबायचं, एकदा ठोकलं की पुन्हा चालू. आभार म्हणून तो रोज चहा घेऊन वर यायचा.

“चहा मावशीसाठी ना?” मी मुद्दाम विचारायचे.

“त्यांच्यासाठीच. तुम्ही नुसत्या... समोर बसा.”

एका भिजलेल्या संध्याकाळी त्याने सगळं सांगितलं. पूर्वी तो जीव तोडून ओरडत गायचा, लोक त्यासाठीच यायचे. मग घशाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी ओरडणं कायमचं बंद केलं. नवा अल्बम हळुवार करायचा, हा हट्ट त्याचाच.

“आमचा ड्रमर, ढोल्या, म्हणतो ही अंगाई आहे,” तो कपात बघत म्हणाला. “शेवटचं गाणं जमलं नाही तर बँड मोडला.”

त्या गाण्याच्या रेकॉर्डिंगच्या दिवशी मी मशीनवर सकाळीच झाकण घातलं आणि हाताने टाके घालत बसले. खाली गाणं सुरू व्हायचं... अडखळायचं... थांबायचं. मग चढलेले आवाज. मग जिन्यावर धावती पावलं.

“मशीन का बंद आहे?”

“तुमच्यासाठीच की!”

“अहो, गाणं तुमच्या मशीनच्या तालावरच बसवलंय! हल्ली मी ठोकत नाही, लक्षात नाही आलं?”

“मग सांगायचं नाही का?”

“सांगितलं असतं तर तुम्ही जपून चालवलं असतं. शिवण संपली की दोरा तोडायला थांबता ना... तिथे मी श्वास घेतो.”

मावशीने झाकण उचललं. “बस मशीनवर. आणि ए गवया, तू खाली पळ. तू इथे उभा राहिलास तर हिची शिवण वाकडी जायची.”

ती गेलीच वाकडी. पण गाणं एका दमात झालं. ढोल्याच्या टाळ्या वरपर्यंत ऐकू आल्या.

दिवेलागणीला तो आला, चहाशिवाय.

“आवाज गेला म्हणून फार चिडलो होतो. पण ओरडतच राहिलो असतो, तर वरचं मशीन कधी ऐकूच आलं नसतं. थँक्यू.”

“कुणाला? मशीनला?”

“मशीनला सगळ्यांनी म्हटलंय. तुम्हाला मी...”

वाक्य तिथेच टाकून तो धडधडत खाली पळाला.

थोड्या वेळाने पायाखाली ठोका पडला. दुसरा पडला. आणि मग, थोडा थांबून... तिसरा.

तीनचं तर काही ठरलंच नव्हतं.

मावशीने चष्म्यावरून पाहिलं. “बसलीस काय? उत्तर दे त्याला.”

मी चप्पल काढली आणि फरशीवर तीनदा आपटली.

खालून झाडू पडल्याचा आवाज आला... आणि मग, डॉक्टरांचं सगळं विसरून, तो ओरडला.