शेजारचा रंग

हिंगणघाटात जुन्या कृष्णधवल फोटोंत रंग भरून देणारे आम्ही तिघं. बाकीचे दोघं फोटो प्रोग्रामच्या हवाली करतात, आणि तो प्रोग्राम साऱ्या तालुक्याला एकाच घरचे कपडे घालतो, तपकिरी नाहीतर निळे. मीही कॉम्प्युटरवरच, पण हातानं रंगवतो. आधी स्कॅन करायचं, मग चिरा आणि डाग काढायचे. नंतर कातडी, केस, कापड, मागचा पडदा, प्रत्येकाचा वेगळा लेयर. सुरुवातीला त्यांत मी मुद्दाम न शोभणारे भडक रंग ओततो, पोपटी, राणी, नारिंगी, म्हणजे कडा नीट कळतात. खरे रंग शेवटी, आणि तेही घरच्यांना विचारूनच. समुद्रपूरचे एक गृहस्थ आजोबांच्या फेट्यासाठी तीनदा येऊन गेले. दर वेळी वेगळा रंग, दर वेळी शपथेवर. तरी मी विचारतो.

माझ्या आईचा एकच फोटो आहे. मी सव्वा वर्षाचा असताना ती गेली, फोटो त्याच्या दोन महिने आधीचा. स्टुडिओतल्या बाकावर ती एकटीच बसली आहे. मी त्यात का नाही, हे लहानपणी बाबांना पुष्कळदा विचारलं.

"तू रडून राह्यला होता," बाबा सांगायचे. "फोटोवाला कावला. मंग सुलोचनानं तुले बाहेर नेलं."

आईचा चेहरा मला पाठ आहे, पण तो राखाडी आहे. मला ती रंगीत हवी होती. पंचेचाळिसाव्या वर्षी हे सांगायला मला लाज वाटत नाही. अडचण एकच, तिनं नेसलेल्या पातळाचा रंग कोणालाच आठवत नव्हता. बाबा म्हणाले, "हिरवं असंन." सुलोचनाआत्या फोनवर म्हणाली, लाल. तासाभरानं तिनंच परत फोन केला, "निळं होतं वाट्टे बाप्पा." दुसऱ्यांची शेकडो माणसं रंगवली आणि घरचं माणूस तसंच राहिलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

या जानेवारीत बाबांच्या एका डोळ्यानं दगा दिला, दुसराही फार दिवस साथ देणार नाही असं डॉक्टर म्हणाले. बाबांचं नाव नत्थूजी, वय अठ्ठ्याहत्तर. त्यांना दिसतंय तोवर फोटो पुरा करायचं मी ठरवलं. खरा रंग सापडला नाही तर राखाडीच ठेवणार होतो. आईच्या अंगावर अंदाज घालायचा नव्हता.

पहिल्या दिवशी लेयर पाडले. पातळात पोपटी ओतला. दुकान घराच्या पुढच्याच खोलीत आहे, जेवायला आत गेलो आणि वीस मिनिटांत परत आलो. बाहेरून कापसाचे ट्रॅक्टर जिनिंगच्या कारखान्याकडे चालले होते. कॉम्प्युटरच्या पडद्यावर आईचं पातळ वांगी रंगाचं होतं, काठ मोतिया.

बायकोला, अंजूला, विचारलं. "मी काऊन हात लावू तुमच्या कॉम्प्युटरले?" ती म्हणाली, आणि तेही खरंच. कोणी रंग बदलला तर प्रोग्राममध्ये नोंद राहते. शेवटची नोंद माझीच होती, पोपटी भरल्याची.

मी बाबांना हाताला धरून आणलं. ते पडद्याच्या अगदी जवळ गेले.

"हेच होय," ते म्हणाले. "पोळ्याच्या बाजारातून मीच आनलं होतं. तुले कोनं सांगतलं?"

मी खुर्ची पुढे ओढली. ते खुर्चीवर बसून राहिले आणि उपरण्यानं डोळे पुसत राहिले. मला आनंद झाला होता. भीती त्या दिवशी वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चेहरा करायला घेतला. कातडीचा रंग भरला, गालांवर थोडी लाली दिली. मोठं करून पाहिलं तर तिच्या डाव्या गालावर, कानापासून हनुवटीपर्यंत, पिवळसर झाक होती. ती मी दिलेली नव्हती.

अशी झाक कशी येते, ते मला ठाऊक आहे. कुठल्याही वस्तूचा रंग तिच्यापाशीच थांबत नाही. पांढऱ्या भिंतीशी लाल घागर ठेवा, भिंत लालसर होते. शेजारचा रंग अंगावर पडतो. जितकं जवळ, तितका गडद. चांगला रंगवणारा तेवढं भरतोच, नाहीतर माणूस कापून चिकटवल्यासारखा दिसतो. पण फोटोत आईच्या डाव्या हाताला बाक रिकामा होता, आणि मागचा पडदा करडा.

मी झाक पुसली. चहा पिऊन आलो तर ती परत होती. तेव्हा माझं लक्ष स्वतःच्या अंगाकडे गेलं. मी पिवळा स्वेटर घातला होता.

तिसऱ्या दिवशी निळा शर्ट घालून बसलो. दुपारपर्यंत तिचा गाल निळसर झाला.

चाळीसहून जास्त वर्षं मी त्या फोटोबाहेर होतो. आता तिच्या गालावर माझा रंग होता, म्हणजे मी तिच्या डाव्या हाताला बसलो होतो. हे कळलं आणि मला हुंदका आवरेना. अंजू आतून धावत आली. "काय झालं जी?" डोळ्यांत कापूस गेला म्हणून सांगितलं.

पण रंग एकाच बाजूला पडत नाही. दोघं शेजारी असतील तर दोघांवर पडतो.

चौथ्या दिवशी मी धुतलेला पांढरा सदरा घातला. बाबा अंगणात उन्हात बसले होते. दुकानाचं दार उघडं ठेवलं, कॉम्प्युटरचा पडदा बंद केला, म्हणजे उजेड तिथून आला असं कोणी म्हणायला नको. माझ्या उजव्या बाजूला चुन्याची भिंत होती आणि मधे काही नव्हतं. दोन्ही हात मांडीवर ठेवून मी समोर पाहत बसलो.

अकराच्या सुमाराला उजव्या बाहीवर, कोपरापाशी, वांगी झाक आली.

मी मान वळवली नाही.

झाक खांद्यापर्यंत चढली. मग गडद झाली.

डावी बाही पांढरीच होती.

फक्त उजव्या काखेशी, जिथं हात अंगाला चिकटतो, तिथलं कापड अजून कोरं होतं. तिथं रंग पोचायचा तर शेजारच्यानं कुशीतच यायला हवं.

मी हात जरासा उचलला, जागा केली.

थोड्या वेळानं तिथलं पांढरंही वांगी झालं.