मुलांच्या आईचं मत

हेरंब माझ्या शनिवारच्या बैठकीला आला तो खरं तर तुंबलेल्या गटाराची तक्रार घेऊन. मी चेन्नईत पेरुंगुडीजवळच्या एका वॉर्डाची नगरसेविका. दर शनिवारी संध्याकाळी ऑफिसच्या गच्चीवर कॉफी आणि खोबरं घातलेल्या उकडलेल्या चण्यांचं सुंडल ठेवते, म्हणजे टॉवरमधली आणि मागच्या गल्लीतली माणसं एकमेकांशी दोन शब्द तरी बोलतील. पण टॉवरवाले खुर्च्यांवर बसतात, गल्लीतल्या आया चटईवर. हा नागपूरचा इंजिनिअर माझी तंजावरी मराठी ऐकून गालात हसला, सरळ चटईवर बसला आणि इडलीवाल्या कनकाअक्काच्या मुलीला अपूर्णांक शिकवू लागला. गटार राहिलं बाजूला! तेव्हापासून तो दर शनिवारी येतो... आणि मी, काय सांगू, शनिवारची साडी शुक्रवारीच काढून ठेवते.

परवा आभाळ भरून आलं होतं. हेरंब खुर्चीवाल्यांना सांगत होता, "आपली कॉर्पोरेशनची शाळा आता सुधारतेय. मुलं हुशार आहेत तिथली."

"मग तुमची पोरं धाडाल काय तिथं?" कनकाअक्कानं तमिळमध्ये विचारलं.

"अक्का, अजून लग्न कुठं झालंय माझं?"

सगळे हसले. मला मात्र राग आला. याचाही चांगुलपणा शनिवारपुरताच की काय?

पाऊस भुरभुरू लागला तशी माणसं पांगली. तो खुर्च्या एकावर एक रचत होता.

"विद्यालक्ष्मी, रागावलात?"

"प्रश्न टाळलात तुम्ही."

"टाळला नाही... एकट्यानं कसं ठरवू? मुलांच्या आईचं मत नको?"

"अय्यो, मग विचारा की तिला!"

"विचारतोय ना—" तो माझ्याकडेच बघत होता. "घालायचं मूल त्या शाळेत?"

किती दिवस आसुसले होते मी हे ऐकायला! पण ज्या शाळेसाठी दर शनिवारी घसा कोरडा करते, तिथं दोन वर्गांना मिळून एकच शिक्षिका आहे. तिथं माझं मूल?

"भीती वाटते," शेवटी मी खरं ते सांगून टाकलं. "लाज वाटते सांगायला... पण वाटते."

"मलाही. म्हणून तर अक्काला 'हो' म्हणवेना." त्यानं हातातली खुर्ची खाली ठेवली. "आपल्या हातात काही वर्षं आहेत अजून. तोवर सुधारेल."

"अक्काच्या मुलीच्या हातात नाहीत," मी म्हणाले. "ती आत्ता जाते तिथं."

त्यानं हळूच मान हलवली.

"शिक्षकांसाठी महानगरपालिकेत मी भांडते. ते येईपर्यंत शनिवारी सकाळी तुम्ही शिकवायला जा. आणि आपलं मूल तिथंच जाईल."

"आपलं?"

पाऊस वाढला होता. दोघंही भिजत होतो, आत जायचं कुणालाच सुचत नव्हतं.

"आपलं," मी म्हणाले, आणि त्याचा ओला हात धरला.