शुक्रवारची नोकरी

"तुमच्या खिशात बँड वाजतोय," तो म्हणाला.

नेलने मान वर केली. केसांवर जाळी, हातात कोबीच्या सॅलडचा ट्रे, वाफेने लाल झालेले गाल... आणि अॅप्रनच्या खिशातून खरंच काहीतरी पिपाणीसारखं वाजत होतं. तळणीपाशी उभा असलेला उंच माणूस माशांची जाळी हातात धरून तिच्याकडे बघत होता. जाळीतलं तेल निथळून गेलं तरी त्याचं बघणं काही संपेना.

"बँड नाही. बेकारी भत्त्याचं ऑफिस आहे," ती म्हणाली. "दुपारपासून होल्डवर आहे."

"वाजवतात मात्र झकास."

"एवढंच वाजवतात. मग एक बाई सांगते, तुमचा फोन आम्हाला महत्त्वाचा आहे. मग परत हेच."

"आणि उचलतात कधी?"

"ते माहीत असतं तर मी मघाशीच बाथरूमला जाऊन आले असते."

बोलून गेली आणि तिला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. अनोळखी माणसापाशी काय बोलतोय आपण! पण तो मोकळेपणी हसला, जाळी खाली ठेवली आणि हात पुसून पुढे केला.

"द्या तो फोन. आलं कुणी तर मी धरून ठेवतो त्यांना. मासे कसे शिजवतात ते सांगत बसेन."

तर हा डेमियन पावलिक. पुलाजवळच्या टायरच्या दुकानात काम करायचा आणि ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत दर शुक्रवारी सेंट सिरिल चर्चच्या तळघरात मासे तळायचा. या दिवसांत शुक्रवारी मांस खायचं नाही, म्हणून अख्खं गाव तिथे माशांसाठी लोटतं. नेलने त्याला याआधी पाहिलं होतं, पण पाठमोरं. ती आपली दुसऱ्या टोकाला बायकांच्या टेबलावर बसून पिरोगी, म्हणजे बटाट्याच्या सारणाच्या उकडलेल्या करंज्या, भरायची. आज मिसेस बाबिचनी तिला खिडकीवर वाढायला उभं केलं होतं. त्या तळघरात पाद्रीसाहेबांचंही चालत नाही, मिसेस बाबिचचं चालतं.

फोनवर मात्र कुणी आलं नाही; नेल बाथरूमहून परत आली आणि वाजता फोन पुन्हा तिच्या खिशात गेला. गर्दी ओसरली, दोघं मोरीपाशी ट्रे धुवायला लागले, आणि डेमियनने विचारलं, "कारखान्याचीच ना तुम्ही? काचेच्या?"

"हो. ख्रिसमसनंतर भट्टी बंद केली."

"मग भत्ता तर मिळायला हवा."

"मिळत होता. बंद पडला." नेल ट्रेकडेच बघत राहिली. "माझ्याच मूर्खपणाने."

"म्हणजे?"

सांगावं की नाही... पण त्याच्या चेहऱ्यावर चौकशीचा आव नव्हता. तिने सांगून टाकलं. दर रविवारी कंप्युटरवर प्रश्नांची उत्तरं द्यायची असतात. या आठवड्यात काम केलंत का? आता पहिल्या शुक्रवारी ती दुपारपासून बोटं सुजेपर्यंत पिरोगी भरत होती. ते काम नाही तर काय? नेल ड्वोरचाक ही दुकानदाराने चुकून जास्त मोड दिली तर अर्ध्या रस्त्यातून परत फिरणाऱ्यांपैकी. तिने 'हो' दाबलं. कुणाकडे? सेंट सिरिल. पगार? शून्य. अजून तिथे काम चालू आहे? नाही, शुक्रवार तर संपला होता.

"मग विचारलं, काम का सुटलं," ती म्हणाली. "तिथे काम उरलं नव्हतं? छे, पिठाचे गोळे पडून होते नुसते. काढून टाकलं? कोण काढतंय. मग राहिलं एकच. मीच सोडलं. मीच नाही का मिसेस बाबिचना म्हटलं, येते हं आता, आणि कोट घालून घरी आले?"

डेमियनने तोंडावर ओला हात दाबला. त्याचे खांदे हलायला लागले.

"हसू नका. सरकारने लिहून कळवलंय की मी चांगली चालू नोकरी स्वतःहून सोडली, तेव्हा भत्ता बंद."

"पिरोगीची नोकरी..."

"हसू नका म्हटलं ना. भाडं थकलंय माझं. गॅरीने, माझ्या भावाने, पार दूर टल्साला त्याच्या घरातली तळघराची खोली रिकामी करून ठेवलीये. हे ईस्टरपर्यंत सुटलं नाही तर गाशा गुंडाळून तिकडे. तिथे ना आपली ही नदी, ना ओळखीचं माणूस. वहिनी आणि तिचे कुत्रे." तिचा आवाज चिरकला आणि त्या चिरकण्याचाच तिला भयंकर राग आला. "मला नाही जायचं."

तो हसायचा थांबला. आणि नेमकं त्याच वेळी खिशातलं वाजणं बंद झालं आणि एक बाई म्हणाली, "बोला, काय मदत हवी?"

भांड्यांच्या त्या खणखणाटात काय ऐकू येणार! नेल जिना चढून धावत बाहेर गेली. बर्फाचा नुसता चिखल झाला होता, बूट घोट्यापर्यंत भिजले. बाई भराभर सांगत होती... इथून काही बदलता येणार नाही, अपील करा, मुदत चुकवू नका, आणि पैसे आले नाहीत तरी दर रविवारी उत्तरं भरत राहा. एक रविवारही चुकवू नका, कळलं ना? नेल म्हणाली, "हो, पण अपील करायचं कसं..." आणि लाइन कट.

खांद्यांवर काहीतरी उबदार पडलं. तिचाच कोट. मागे डेमियन नुसत्या टी-शर्टवर कुडकुडत उभा होता, अंगाला तेलाचा आणि माशांचा वास.

"गेली?" त्याने विचारलं.

"गेली."

"करू आपण," तो म्हणाला.

'आपण' म्हणाला. नेलने ते ऐकलं आणि ऐकलंच नाही असं दाखवलं.

त्यानंतर शुक्रवारांची तिला वाट बघायची सवयच लागली. तशी भीतीची सवयही होतीच. टपालाची गाडी कोपऱ्यावर दिसली की ती हातातलं काम टाकून खिडकीशी जायची. गाडी न थांबता गेली तरी तिथेच उभी राहायची. अपील पाठवायला लायब्ररीत डेमियन तिच्याबरोबर आला. फॅक्सच्या मशीनने कागद गिळला आणि पोच काही दिली नाही, तेव्हा तिने पुन्हा पाठवला, मग पुन्हा. तिसऱ्या वेळी तो म्हणाला, "नेल, आता त्यांना वाटेल तू तीन नोकऱ्या सोडल्यास."

तुम्हीचं तू कधी झालं, दोघांनाही सांगता आलं नसतं. खिडकीवर ती ताटं लावायची, तो मासे वाढायचा, आणि ताट देताना बोटाला बोट लागलं की दोघं एकदमच "सॉरी" म्हणायचे. मिसेस बाबिच बघायच्या सगळं. एकदा तर सगळ्यांसमोर म्हणाल्या, "पावलिक, मासा करपला रे. जरा तळणीकडेही बघावं माणसाने."

पण तो कधी बोलला नाही. गाडीतून घरी सोडताना कधीकधी इंजिन बंद करून बसायचा, म्हणायचा, "नेल..." आणि मग, "उद्या टायरमध्ये हवा भरून घे हं, थंडीत उतरते." हवा! तिचं डोकं फिरायचं. आणि वर जाऊन अंथरुणावर पडली की वाटायचं, बरंच झालं बोलला नाही ते. टल्साला जाणाऱ्या बाईला कशाला कुणी काही बोलावं? आणि बोलला असता तर आपण जाऊ शकलो असतो का?

सुनावणीची तारीख आली ईस्टरच्या आधल्याच आठवड्यातली. फोनवरच. साक्षीदार असेल तर हजर ठेवा, असं लिहिलेलं. पाद्रीसाहेब गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे गावातच नव्हते. राहिल्या मिसेस बाबिच.

"सांगते की मी," त्या म्हणाल्या. "ठणकावून सांगते. माझ्या स्वयंपाकघरात कुणी फुकट राबत नाही. प्रत्येकीला डबा भरून मासे आणि पिरोगी देते मी."

नेलच्या तोंडचं पाणी पळालं. "मिसेस बाबिच, असं नका सांगू. ते म्हणतील हाच पगार."

"मग काय खोटं सांगू? उपासाच्या दिवसांत?"

डेमियन हात पुसत पुढे आला. "मी सांगतो. मी पण डबा नेतो दर वेळी. मला कुणी नोकर म्हटलेलं नाही आजवर."

"तुला नोकर म्हणायला नोकरासारखं काम करावं लागतं," मिसेस बाबिच म्हणाल्या, पण साक्षीदार ठरला.

सुनावणीच्या दिवशी नेल स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली. फोन पुढ्यात. अधिकारी बाईंचा आवाज थकलेला होता. दिवसभर लोकांची रडगाणी ऐकणाऱ्या माणसाचा असतो तसा. त्यांनी नेलला शपथ दिली. नेलने सगळं सांगितलं, सांगता सांगता तिलाच ते इतकं खुळचट वाटायला लागलं की शेवटचं वाक्य तिने अर्धंच सोडलं. पलीकडून नुसता टाइप केल्याचा आवाज.

मग लाइनवर डेमियन आला. मागे दुकानात कुणीतरी नट खोलत होतं.

"खरं सांगेन अशी शपथ घेता?"

"घेतो."

"दावेदार चर्चमध्ये पगारावर होत्या?"

"नाही मॅडम. तिथे कुणीच नसतं. उरलेले मासे सगळे घरी नेतात, नाहीतर टाकावे लागतात."

"काम सोडताना त्या नेमकं काय म्हणाल्या?"

"पहिल्या शुक्रवारचं मी ऐकलं नाही. पण पुढचे सगळे शुक्रवार ती आली. नोकरी सोडलेलं माणूस परत परत कशाला येईल?"

टाइप. नेलने डोळे मिटून घेतले.

"शेवटचा प्रश्न. तुमचं आणि दावेदारांचं काही नातं आहे?"

"नाही," डेमियन म्हणाला. मग मागचा नट खोलल्याचा आवाज थांबला. दार लावल्यासारखं वाटलं. "म्हणजे... मॅडम, मी शपथेवर आहे ना?"

"आहात."

"मग नाही असं नाही म्हणता येणार. माझ्या बाजूने आहे. माझं प्रेम आहे तिच्यावर. तिला हे माहीत नाही... म्हणजे आता झालं माहीत."

टाइप थांबलं.

नेलने तोंडावर हात दाबला. बोलायची परवानगी नव्हती. आधीच बजावलं होतं, विचारल्याशिवाय मध्ये बोलायचं नाही.

"म्हणजे निकाल त्यांच्या बाजूने लागावा अशी तुमची इच्छा आहे," बाई म्हणाल्या.

"खूप आहे. हरली तर ती टल्साला जाईल. पण म्हणून मी खोटं सांगत नाहीये मॅडम. तिला कुणी एक पैसा दिलेला नाही."

"नोंद केली," बाई म्हणाल्या. "दावेदार, या साक्षीदाराला तुम्हाला काही प्रश्न विचारायचेत? तुम्हाला तसा अधिकार आहे."

"हो," नेल म्हणाली. "एकच. हे... हे तू मला आधी का नाही सांगितलंस?"

"साक्षीदारावर उत्तराची सक्ती नाही," बाई म्हणाल्या.

"देतो मॅडम." त्याचा श्वास ऐकू आला. "तुझी एवढी ओढाताण चाललेली. त्यात मी विचारलं असतं तर तू राहिली असतीस ती मला नाही म्हणता येईना म्हणून, की राहायचंय म्हणून, ते मला कधी कळलं नसतं. तुलाही नसतं कळलं. म्हटलं, आधी तुझं हे सुटू दे."

बाईंनी घसा साफ केला, निकाल टपालाने कळवू म्हणाल्या आणि सुनावणी संपली.

नेल कितीतरी वेळ तशीच बसून होती. रडायला येत होतं, हसायलाही, आणि भीती तर कुठेच गेलेली नव्हती. घरमालकाची चिठ्ठी फ्रिजवर लावलेली तशीच होती. तिने फोन उचलला आणि गॅरीला लावला.

"ती खोली नको ठेवू माझ्यासाठी," ती म्हणाली.

"निकाल लागला?"

"नाही."

"मग खाणार काय तू तिथे?"

"माहीत नाही रे. मासे."

डेमियनला मात्र तिने तेव्हा काही सांगितलं नाही. त्याने संध्याकाळी फोन केला, ती एवढंच म्हणाली, "निकाल येऊ दे." तो बरं म्हणाला. ईस्टर आला, गेला. मिसेस बाबिच विचारून विचारून थकल्या. तिने रविवारची उत्तरं भरली. काम केलंत का? नाही. नोकरी शोधताय? हो. तिने प्रत्येक बटणावर बोट ठेवून दोनदा वाचलं.

आणि मग एका सकाळी टपालाची गाडी थांबली.

तिने पाकीट उभ्या उभ्या फोडलं, वाचलं, आणि तशीच टायरच्या दुकानाकडे चालत सुटली. डेमियन एका ट्रकखालून बाहेर आला. तिच्या हातातला कागद बघून त्याचा चेहरा पांढरा पडला.

"वाच ना," तो म्हणाला. "माझे हात काळे आहेत."

"भत्ता चालू. मागचे सगळे आठवडेसुद्धा." तिने कागदावर बोट ठेवलं. "आणि इथे तुझं लिहिलंय. साक्षीदाराने दावेदारावर आपलं प्रेम असल्याचं स्वतःहून सांगितलं आहे. तरीही त्याचं म्हणणं विश्वासार्ह वाटतं."

तो ट्रकला टेकला. "तसं लिहिलंय?"

"सही-शिक्क्यानिशी."

"आणि तुझं काय?" त्याने हळूच विचारलं. "तुला वाटतं का विश्वासार्ह?"

"मी सुनावणीच्याच दिवशी गॅरीला फोन केला," नेल म्हणाली. "खोली नको म्हणून."

"पण तेव्हा निकाल कुठे..."

"नव्हताच."

डेमियन तिच्याकडे बघत राहिला. "म्हणजे हरली असतीस तरी?"

"हरले असते तरी."

त्याने हात पुढे केला आणि ग्रीस दिसताच मागे घेतला. नेलने कागद कोटाच्या खिशात घातला आणि ते दोन्ही काळे हात आपल्या हातांत घेतले.