हौशी चषक आणि एक टोमणा

तो पहिल्यांदा आमच्या दुकानात आला, तेव्हा त्याच्या एका हातात चषक होता आणि चषकाचा कान खिशात.

"हा लावून मिळेल?" त्यानं कान काउंटरवर ठेवला.

"कोणी पिळला एवढा?" मी विचारलं.

"आईनं," तो हसला. "म्हणजे… आई यात चमचे ठेवते. काढताना पडला."

सायकल शर्यत, पहिला क्रमांक. अक्षरं भिकार कोरलेली होती.

"जिंकलेल्या चषकात चमचे?"

"दुसऱ्यात बटणं असतात. तिसरा आजोबांच्या कवळीचा."

बाबा मागच्या टेबलावर, डोळ्याला भिंग लावून एक पाटी कोरत होते. त्यांचे खांदे हसल्यासारखे हलले. मी मात्र चेहरा सरळ ठेवला. तो टाइपरायटर दुरुस्त करायचा, त्यामुळे त्याची बोटं शाईनं काळी असायची. माझी पितळ घासून काळी. पावती देताना ती बोटं एकमेकांना लागली आणि… जाऊ दे.

मग त्या हिवाळ्यात त्याच्या घरातले चषक भराभर मोडायला लागले. एकाचा कान, एकाची बैठक, एकाचं झाकण. बाबा एकदा भिंगातून त्याला न्याहाळत म्हणाले, "घरात भांडणं फार दिसतात." तो कानापर्यंत लाल झाला. मी तर त्याला एकही दिवस सुखानं बसू दिलं नाही. उशिरा आला तर म्हणायचे, "सायकल ढकलत आलास का?" लवकर आला तर म्हणायचे, "शर्यतीत एवढी घाई केली असतीस तर!" तो सगळं ऐकून घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर.

आमच्या दुकानाचा खरा मान म्हणजे हौशी चषक. देशातल्या सर्वोत्तम हौशी खेळाडूला तो वर्षातून एकदा मिळायचा. हौशी म्हणजे खेळापायी एक पैसाही न घेतलेला. आजोबांपासून त्यावर नावं कोरायचं काम आमच्याकडे होतं. त्या वर्षी त्याचंही नाव चर्चेत होतं, म्हणून चषक दुकानात आला, तेव्हा मी त्याला मुद्दाम बोलावून दाखवला.

"हे पहिलं नाव. उंच उडी मारणारा गणिताचा मास्तर. ही पोहणारी नर्स, चषक मिळवणारी पहिली बाई. तिच्या नावासाठी आजोबांनी नवी छिन्नी आणली होती म्हणे. ही कोरी जागा लढाईच्या वर्षांची. आणि इथे… बोट फिरव."

त्यानं बोट फिरवलं. "खोलगट लागतंय."

"इथे एक धावपटू होता. एका शर्यतीनंतर त्यानं भेट म्हणून मनगटी घड्याळ घेतलं. समितीनं नाव काढायला लावलं. बाबांनी घासलं ते. त्या दिवशी जेवले नाहीत."

त्याचं बोट तिथेच होतं, आणि माझंही.

विजेत्याचं नाव देशाआधी आमच्या दुकानाला कळायचं. ज्याच्या हातात छिन्नी, त्यानं चषकावर हात ठेवून गुपित राखायची शपथ घ्यायची, अशी रीत होती. त्या वर्षी बाबांचा हात कापायला लागला होता. म्हणून शपथ मी घेतली, आणि नावही मीच कोरलं.

ते त्याचं नव्हतं.

चषक कापडात गुंडाळून ठेवते न ठेवते, तोच तो दारात उभा. अंगावर धूळ, चेहरा उतरलेला.

"परदेशातली एक सायकल कंपनी मला पगारी संघात घेतेय," तो म्हणाला. "त्यांचा माणूस उद्या सकाळी निघतोय. सही केली की मी धंदेवाईक. मग या चषकाचं नाव काढायला नको."

मी त्याला बाबांची गादीची खुर्ची दिली. चहा केला. बिस्किटं काढली. "दमला असशील," म्हणाले. "आधी घोटभर घे."

त्यानं माझ्याकडे जरा टक लावून पाहिलं.

"निकाल परवा आहे. मी तुला नाव विचारणार नाही. शपथ आहे, माहितेय. फक्त एवढंच सांग… थांबू, की जाऊ?"

कोणीही शहाणं माणूस म्हणालं असतं, जा बाबा, नशीब काढ. मलाही तेच म्हणायचं होतं. पण दुकानाच्या दारात त्याची सायकल नाही, असा दिवस डोळ्यांपुढे आला.

"थांब," मी म्हणाले.

"नक्की?"

"थांब ना…"

ते दोन दिवस मला अन्न गोड लागलं नाही. समारंभाला मी अगदी मागच्या रांगेत अंग चोरून बसले. गोळाफेक करणाऱ्या एका शिक्षिकेचं नाव पुकारलं. सगळ्यांत जास्त टाळ्या तो वाजवत होता. मला ते बघवेना. मी बाहेर पायऱ्यांवर येऊन उभी राहिले. बारीक भुरभुर चालू होती.

मागून आवाज आला, "अक्षरं छान आलीत."

मला रडूच फुटलं. "मी तुझं वाटोळं केलं. मला माहीत होतं, तरी मी…"

"मलाही माहीत होतं."

"कोणी सांगितलं?"

"तूच." तो हसत होता, पण आवाज ओला होता. "हिवाळाभर माझ्याशी एकदा तरी धड बोललीस? आणि त्या दिवशी गादीची खुर्ची काय, बिस्किटं काय, 'दमला असशील' काय! मी जिंकलो असतो, तर तू म्हणाली असतीस, आता यात कोणाची कवळी ठेवणार?"

"मग… तरी थांबलास?"

"चषक माझा नाही, तरी थांब म्हणालीस. मग कोणासाठी म्हणालीस, एवढं कळत नाही का मला?" त्यानं पायरीशी टेकवलेल्या सायकलच्या ओल्या हँडलवरून हात फिरवला. "आणि मी पडलो हौशी माणूस."

"आवडतोस तू मला," मी म्हणाले. "फार आवडतोस. केव्हापासूनच."

"कान लावलास, तेव्हापासून?"

"पिळावासा वाटला, तेव्हापासून."

आता तो पुरस्कार पगारी खेळाडूंनाही मिळतो, आणि नावं यंत्र कोरतं. जुना चषक काचेच्या कपाटात आहे. पुरस्काराच्या इतिहासाचं प्रदर्शन भरलं, तेव्हा आम्हा दोघांना बोलावणं आलं. घासलेल्या धावपटूचं नाव त्यांनी शेजारच्या पाटीवर पुन्हा लिहिलंय. बाबा असायला हवे होते. यानं काचेवरूनच त्या खोलगट जागेवर बोट ठेवलं.

"कधी वाटतं का रे, गेलो असतो तर?" मी विचारलं.

"वाटतं ना," तो म्हणाला. "खोटं कशाला बोलू? चढ लागला की दर वेळी वाटतं. मग उतार येतो."

मी त्याचा हात धरला आणि हळूच म्हणाले, "चल, चहा घेऊ. दमला असशील."

तो जागीच थबकला.

"का गं? आता काय हरलो मी?"