पिवळ्या वायरीची घडी

नारायणराव वकिलांच्या घरचं नेट आठवडाभर रडतखडत चाललं होतं. त्यांची मुलगी जुईली घरूनच नोकरी करायची. मीटिंगमध्ये तिचं तोंड हलायचं, आवाज गायब. शेवटी तिने तक्रार केली, आणि अकोल्याच्या जठारपेठेत कुत्रंही फिरकत नाही अशा उन्हात नेट कंपनीचा शिवम दारात उभा राहिला. डोक्याला दुपट्टा, खांद्यावर वायरीचं भेंडोळं.

लोखंडी कपाटामागचा राउटर पाहून तो हसला.

“मॅडम, याले काहून कोंडून ठेवलं? त्याचा बी जीव गुदमरते.”

“मॅडम नको… जुईली.”

“जुईली मॅडम,” तो म्हणाला, आणि कानापर्यंत लाल झाला.

राउटर उघड्यावर आला, नेट पळायला लागलं. तेच जुईलीला सोसेना. आता तो कशाला येणार?

तिसऱ्या दिवशी या शहाण्या मुलीने राउटरची बारीक पिवळी वायर करकचून दुमडली, नेट बंद पाडलं आणि पुन्हा तक्रार नोंदवली. तो आला, ताक प्यायला, मूर्तिजापूरच्या घराबद्दल बोलला. आईला दिसत नाही, रोज संध्याकाळी गाडीने जाऊन तोच भाकरी टाकतो. वायरीची घडी सोडवताना त्याची बोटं तिच्या बोटांना लागली — हात कोणीच लगेच काढला नाही.

मग काय, बारा दिवसांत चार तक्रारी. चौथ्या खेपेला त्याने ताक घेतलं नाही.

“उद्यापासून दुसरा येईन. मी पार अमरावतीपल्याड तिवश्याले चाललो.”

“का?”

“एकाच घरून चार तक्रारी आल्या, तं काम करणारा कच्चा धरतात. अकोला काढून घेतलं माह्याकडून. मायले मामाकडं पोचवून आलो.”

“शिवम, ती वायर… मीच…”

“मले मालूम होतं. वायर आपोआप अशी दुमडत नाही.”

“मग तसं लिहिलं का नाही?”

“वकीलसाहेबाले फोन गेला असता. तुमच्यावर आलं असतं.” त्याने भेंडोळं खांद्यावर चढवलं. “माहा नंबर होता न तुमच्यापाशी? मंग साधा फोन काहून नाही केला?”

वकिलाच्या मुलीने वायरवाल्याला कामाशिवाय फोन करायचा, याची तिला लाज वाटली होती. तक्रारीत ती लाज नव्हती. हे सारं तिच्या चेहऱ्यावर उतरलं, आणि त्याने ते वाचलं.

“मला तुम्ही आवडता,” ती कशीबशी म्हणाली.

“मले बी,” तो म्हणाला आणि जिना उतरला.

त्याच संध्याकाळी जुईलीने बाबांसमोर कंपनीला फोन लावला आणि आपला प्रताप जसाच्या तसा सांगितला. बाबा दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. आठ-दहा दिवसांनी नव्या माणसाकडून कळलं, शिवमला अकोला परत मिळालं, आईही घरी आली. जठारपेठ तेवढी त्याने स्वतः सांगून दुसऱ्याला द्यायला लावली.