सोळा नंबरची हाक

"काका, भंगारवाला आला तरी मशीन द्यायची नाई!" प्रज्ञा दारात हात आडवे करून उभी राहिली.

"मंग काय पूजा करू तिची?" गुणवंताकाका खेकसले. पांढुर्ण्याच्या रेल्वेफाटकाजवळची अभ्यासिका तेच सांभाळत. "रोज अडकून राहिली ते! संध्याकाळी नेते तो."

प्रज्ञा दारातून हलली नाही. ही कॉम्प्युटरची मशीन सागरदादानं, तिच्या भावानं जोडली होती. मशीनच्या पोटात त्यानं चार व्हर्च्युअल मशिनी, म्हणजे नुसत्या प्रोग्रामनं बनवलेले चार कॉम्प्युटर, मांडल्या होत्या. एकाच खोक्यावर चार पोरं चार पडद्यांपुढे अभ्यास करायची. मग दादा नोकरीसाठी पुण्याला गेला. दिवाळीची सुट्टी लागली, दादा आला नाही. रोज संध्याकाळी पडद्यावर त्याचा चेहरा तेवढा दिसायचा. आता तोही मधेच गोठायचा आणि खाली ओळ उमटायची: सोळा नंबरवरून हाक आली, कोणी दखल घेतली नाही. लाइन बंद.

"भूत!" अभ्यासाला आलेला राजू पुटपुटला.

"भूत तुह्या डोक्यात!" शेजारी बसलेल्या उर्वशीनं त्याला टपली मारली. "मशीनचा एखादा भाग अशीच टपली मारते, 'इकडे लक्ष दे' म्हणून. त्याले इंटरप्ट म्हणते. सोळा नंबरच्या वाटेनं टपली आली, पण मारली कोणं, हेच तिले समजून नाई राहिलं!"

त्यांनी चारही व्हर्च्युअल मशिनी बंद केल्या. थोड्या वेळानं ओळ पुन्हा हजर! म्हणजे खोड आतल्यांची नव्हती, त्यांना पोटात घेऊन बसलेल्या मोठ्या मशीनचीच होती.

बाहेर मालगाडी धडधडत होती. पांढुर्ण्याची मालगाडी म्हणजे काय सांगावं! इंजिन मुलताईला पोचतं, तरी शेपूट आपलं इथल्या फाटकात लोळत असतं. दादा गेल्यापासून प्रज्ञा प्रत्येक गाडीला कान देई. प्रवासी गाडीनं नुसत्या खिडक्या खुळखुळतात, मालगाडीनं फरशी घुमते.

"ए! फरशी घुमली का ओळ येते!" प्रज्ञा ओरडली. "मशीनच्या मागं काहीतरी ढिलं आहे!"

पण मागं काकांच्या संत्र्यांच्या पेट्यांची चळत होती.

"खबरदार, माह्या संत्र्याले हात लावला तर!"

प्रज्ञानं राजूला डोळा मारला.

"काका," राजू साळसूदपणे म्हणाला, "उर्वशी म्हणते, तुमच्यानं आता लेझीम होत नाई."

"कोण म्हणते?" काकांनी पँट वर ओढली आणि असे नाचले, असे नाचले, की बोरगावच्या कोंबड्या म्हणे तीन दिवस अंडी द्यायला विसरल्या!

पडद्यावर ओळ टपकली.

"पाहा! तुमच्या पायानं आली!" प्रज्ञा म्हणाली.

काका ओशाळले. निमूट पेट्या हलवल्या. मागं अंगठा-हजेरीच्या यंत्राची वायर पेटीखाली चेंगरून खोबणीतून अर्धवट निसटली होती. हादरा बसला की ती चिकटे, सुटे, आणि हाकांचा सपाटा लावी. त्या यंत्राची आणि इंटरनेटची लाइन एकच, सोळा नंबरची. ती लाइन बंद झाली की दादा गोठे. प्रज्ञानं वायर उपटली. पुढची मालगाडी धडधडत गेली. पडद्यावर ओळ नाही!

"मले वाटलं मशीन म्हातारी झाली," काका तिच्या डोक्यावर हात ठेवत म्हणाले. "शाबास पोरीहो! राजू, तू बी!" भंगारवाला ओंजळभर संत्री घेऊन परत गेला.

संध्याकाळी पडद्यावर दादा हसला. "सापडलं कसं गं तुले?"

"गाड्या ऐकून."

"गाड्या काऊन ऐकत होती?"

"तू आला असशील म्हणून."

पडदा गोठला नव्हता, तरी दादा हलेना. मग त्यानं नाक पुसलं.

"सुट्टी टाकतो. शनिवारी खिडक्या खुळखुळल्या का, फाटकावर ये."